न पाहिलेलं हैदराबाद

सन दोन हजार बावीस, आणि माझं वय बहात्तर. या वहीत मी माझ्या तरुणपणाचं लिहितो आहे, मग बहात्तराव्या वर्षाचं इथे काय काम, असं वाचणारा म्हणेल. काम आहे. मी एकोणीस वर्षांचा असताना आठ महिने घराबाहेर होतो, आणि त्या आठ महिन्यांचं खरं काय ते मी बहात्तराव्या वर्षापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. बापाला नाही, बायकोला नाही, पोराला नाही. जे सांगत आलो ते दुसरंच होतं. म्हणून ते प्रकरण लिहायचं तर ज्या दिवशी ते तोंडातून निघालं, त्या दिवसापासूनच धरावं लागतं. माझं शिक्षण तिसरीपर्यंत. काना-मात्रा चुकते ती नात सुट्टीत आली की दुरुस्त करते, पण वाक्य बदलायचं नाही असं मी तिला बजावून ठेवलं आहे. ती म्हणते, दादा, हे वाक्य फार लांब झालं. मी म्हणतो, झालं तर झालं, मी दम टाकत टाकत लिहिलं आहे, वाचणाऱ्यानेही दम टाकावा.

आमचा तांडा बोरी अरबपासून पायी अर्ध्या तासावर. आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर हिंडायचे. मग रेल्वे आली, मोटारी आल्या, तो धंदा बुडाला आणि जिथे बैल थांबले तिथे आम्ही शेती धरली. आता आमच्याकडे कपाशी, सोयाबीन, तूर. आम्ही बंजारे, स्वतःला गोर म्हणतो; घरात आम्ही गोरबोली बोलतो, बाहेर वऱ्हाडी, आणि आमचा बापूराव घरात बसला असला की घरातही वऱ्हाडीच. बापूराव म्हणजे बोरीचा कुणबी, शेताला शेत लागून, माझ्याच वयाचा. त्याच्याइतका माझा अपमान आजवर कोणी केलेला नाही आणि त्याच्यावाचून मला चार दिवस करमत नाही.

आमच्या घराण्यात एक रीत आहे. सगळ्या तांड्यांत आहे असं मी म्हणत नाही, आमच्या घराची सांगतो. घरातलं कोणी पहिल्यांदा लांब निघालं की निघण्याआधी त्याला बसवून घरच्यांनी एकेक वाट द्यायची. वाट देणं म्हणजे आपण केलेल्या एका प्रवासाचं सांगायचं. कुठून निघालो, पाणी कुठे मिळालं, माणसं कशी भेटली, कुठे फसलो. सांगून झालं की जाणाऱ्याच्या तळहातावर गुळाचा खडा ठेवायचा आणि त्याने तो खायचा. अट एकच, वाट स्वतः चाललेली पाहिजे. ऐकलेली वाट द्यायची नाही. माझा बाप सांगायचा की त्याच्या आज्याच्या काळी कोणी एकाने ऐकलेल्या विहिरीचा पत्ता दिला होता. तिथे विहीर नव्हतीच. अर्धे बैल त्या माळावर बसले ते उठले नाहीत. तेव्हापासून ही अट. अट साधी आहे, आणि ती मोडणारा आमच्या घराण्यात मी एकटा.

आता माझं हैदराबाद. मी पन्नास वर्षं सांगत आलो की एकोणिसाव्या वर्षी मी एकटा हैदराबादेला गेलो, आठ महिने राहिलो, चारमिनार चढलो, इराण्याचा चहा प्यालो, आणि शहराबाहेरच्या तांड्यात गेमा नायक नावाच्या आपल्या माणसाने मला पोरासारखं ठेवलं. गेमा नायकाच्या अंगणात चिंचेची दोन झाडं होती. त्याची बायको ज्वारीची बाटी, म्हणजे भाकरी, करायची ती आपल्याकडच्यापेक्षा पातळ. असं सगळं. तांड्यातल्या लग्नात, बोरीच्या बाजारात, नेरच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गाड्या रांगेत लागल्या की गाडीखाली बसून मी हे सांगायचो. सांगून सांगून ते इतकं घट्ट झालं होतं की चिंचेच्या झाडाची सावली कोणत्या बाजूला पडायची तेही मला दिसायचं. माझा मुलगा रामधन शिकायला नागपूरला निघाला तेव्हा त्याला मी हीच वाट दिली होती. त्याच्या हातावर गूळ ठेवला आणि त्याने तो खाल्ला. त्या दिवशी माझे डोळे त्याच्याकडे गेले नाहीत एवढंच मला आठवतं.

रामधनची मुलगी अंजली. यवतमाळच्या कॉलेजातून झाडाझुडपांच्या विषयात पदवी केली. रोज पहाटे तांड्यातून बोरीला पायी आणि तिथून एसटीने. उन्हाळ्यात तिने पुढच्या शिक्षणाचा अर्ज भरला, हैदराबादच्या विद्यापीठाचा. अर्जात एक प्रश्न आला, हॉस्टेल पाहिजे का? ती मोबाईल घेऊन माझ्या खाटेजवळ बसली होती. मी कोणी विचारायच्या आत बोललो, "हॉस्टेल कायले? तिथं आपलं माणूस हाय." रामधन म्हणाला, "बा, त्या गोष्टीले पन्नास वर्षं झाले. तो नायक आता असन का?" मी म्हणालो, "तो नसला तं त्याचे पोरं असतीन. गोर माणूस दाराशी आलेल्या पोरीले माघारी लावत नाही." रामधनने फोन नंबर विचारला. मी चिडलो. तेव्हा फोन कोणाकडे होते, असं म्हणून मी खाटेवरून उठलो आणि बैलांकडे गेलो. वाद मी असाच जिंकतो, उठून जातो. मागे अंजलीने मोबाईलवर बोट दाबलं आणि हॉस्टेल नको असं लिहून टाकलं. तेव्हा मला वाटलं होतं की नंबर कुठला लागतो, एवढ्या लांबचं विद्यापीठ, हजारो पोरं. माझा अंदाज चुकला.

नंबर लागला ती बातमी तिने शेतात येऊन सांगितली. सोयाबीन वीतभर झालं होतं, मी दोन ओळींच्या मधून डवरा धरून गवत काढत होतो. ती शेताच्या धुऱ्यावरून, बांधावरून पळत आली. पायात चप्पल नाही, ओढणी तुरीच्या काडीला अडकून मागेच राहिली. "दादा, लागला! हैदराबादले लागला!" आमच्यात आजोबाला दादा म्हणतात. मी बैल थांबवले. डोक्यावर हात ठेवायला गेलो तर हात मातीचे, म्हणून मनगटानेच तिचं डोकं दाबलं. आमच्या तांड्यातून विद्यापीठात जाणारी ती पहिली मुलगी. छाती फुगली होती यात खोटं नाही. पण डवऱ्याची मूठ पुन्हा धरली तेव्हा तास वाकडा जायला लागला. बैल म्हातारे, रस्ता ओळखणारे, ते सरळ चालले होते. वाकडा मीच नेत होतो.

रविवारी रामधनने जेवण ठेवलं. फार माणसं नव्हती. घरचे आम्ही पाच, आणि बापूराव, जो बोलावला नसता तरी आला असता. अंगणात गोवऱ्यांचा जाळ करून त्यात रोडगे भाजायला टाकले होते, कणकेचे गोळे, वरून राख झटकली की आतून पांढरेशुभ्र. माझी बायको धनी वांग्याच्या भाजीपुढे बसली होती आणि सून सुनंदा लापशीत गूळ टाकत होती. गुळाचा आणि धुराचा मिळून एक वास येतो, तो आला की मला अजून भूक लागते. शेजारच्या घरात टीव्ही चालू होता. कोणीतरी ट्रॅक्टर सुरू करायला बघत होतं आणि तो खोकून खोकून बंद पडत होता. बापूराव रोडगा फोडून त्यात तूप ओतत म्हणाला, "अंजली, बाप्पा, तू तं आता मोठी साहेबीण होशीन. मंग आमच्या तुरीवर कोणती अळी हाय थे फोनवर सांगशीन का नाही?"

"अळी नाही काका, मी झाडं शिकून राह्यली."

"झाडंच शिकून का करतं? झाडं तं आमाले येतेत. अळीच येत नाही."

जेवणं झाली, ताटं उचलली, ऊन भिंतीवरून उतरायला लागलं. सुनंदाने अंगणात सतरंजी टाकली आणि धनीने गुळाचे खडे फोडून ताटलीत ठेवले. अंजली मध्ये बसली. हसत होती, पण केस नीट बांधून आली होती. ही रीत चेष्टेची नाही हे तिला माहीत होतं.

पहिली वाट धनीने दिली. ती आणि मी दोन हंगाम ऊस तोडायला पश्चिमेकडे गेलो होतो, त्यातला तिचा परतीचा प्रवास. मी मागे राहिलो होतो आणि ती रामधनला पोटात घेऊन ट्रकमध्ये बसून आली. "ट्रकवाल्यानं मधातच उतरवून देल्लं," ती म्हणाली. "रातभर एका देवळाच्या ओट्यावर बसली. सकाळी एक बाई पाणी घेऊन आली, मले ओळखत नव्हती, जात नाही इचारली, गाव नाही इचारलं. पहिल्यांदा पाणी देल्लं, मंग इचारलं. तू बी अंजली, तशाच बाईच्या घरी थांबजो. पहिले इचारणाऱ्याच्या घरी थांबू नोको." तिने गूळ ठेवला. अंजलीने खाल्ला. मग सुनंदाने तिच्या माहेरची वाट दिली. लग्नानंतर पहिल्यांदा ती एकटी माहेरी निघाली तेव्हा चुकीच्या एसटीत बसली आणि उमरखेडऐवजी दिग्रसला उतरली. कंडक्टरने तिला परतीच्या गाडीत बसवून दिलं आणि जागाही करून दिली. ती हे सांगताना स्वतःच इतकी हसली की गूळ सतरंजीवर सांडला. रामधनने नागपूरचं दिलं. पहिल्या महिन्यात खोलीत एकटं वाटलं की तो रेल्वे स्टेशनवर जाऊन बसायचा, कारण तिथे आपल्याकडे जाणारी माणसं दिसायची. हे त्याने आम्हाला कधी सांगितलं नव्हतं. धनीने त्याच्याकडे पाहिलं आणि पदराने नाक पुसलं.

बापूराव म्हणाला, "मलेबी वाट द्याची हाय."

"तू घरचा नाहीस," मी म्हणालो.

"रोडगे घरच्यावाणीच खाल्ले ना? ऐक अंजली. मी आयुष्यात कापसाची गाडी घेऊन नेरपर्यंत गेलतो. त्याच्या पुढं गेलोच नाही. मले वाटे नेरच्या पुढं जमीनच नसन." सगळे हसले. तो मात्र गूळ तिच्या हातावर ठेवताना हसला नाही. "म्हून तुले सांगतो बाई, नेरच्या पुढं बी हाय. तू पाहून ये अन् मले सांग."

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. ताटलीत शेवटचा खडा होता, मोठा, माझ्यासाठी ठेवलेला. अंजली सरकून माझ्या समोर आली. "आता दादा. हैदराबाद." मग रामधनकडे वळून, जाता जाता बोलावं तसं बोलली, "पप्पा, उद्या हॉस्टेलच्या अर्जाची शेवटची तारीख हाय. ज्यानं हॉस्टेल नको लिहिलं त्याले उद्यापर्यंत बदलता येते. माह्या मैत्रिणीनं बदलून घेतलं. पण आपल्याले काय गरज म्हणा." रामधन म्हणाला, "कायची गरज. दोघंच जाऊ पहिल्यांदा. बा पत्ता सांगतीन तसं शोधत जाऊ."

मी खडा उचलला. वाट देणाऱ्याने आधी खडा हातात धरायचा असतो. मी पन्नास वर्षांत शेकडो वेळा ती गोष्ट सांगितली होती, तोंड उघडलं असतं तर आपोआप निघाली असती. पण यापूर्वी त्या गोष्टीच्या भरवशावर कोणी पेटी घेऊन हैदराबादेला निघालेलं नव्हतं. मला दिसलं ते असं की माझी नात एका मोठ्या शहरात दुपारच्या उन्हात उभी आहे, हातात कागद आहे, आणि ती येणाऱ्या-जाणाऱ्याला गेमा नायकाचं घर विचारते आहे. लोक मान हलवून पुढे जात आहेत. आणि तिचा बाप तिच्या शेजारी माझ्यावर भरवसा ठेवून उभा आहे.

"मी हैदराबाद पाह्यलंच नाही," मी म्हणालो.

कोणाला कळलं नाही. सुनंदाला वाटलं मी थट्टा करतो आहे, ती हसली. मी पुन्हा म्हणालो, आणि मग थांबलो नाही, कारण थांबलो असतो तर पुन्हा उठून बैलांकडे गेलो असतो.

मी त्यांना जे सांगितलं तेच इथे लिहितो. एकोणिसाव्या वर्षी बापाशी भांडण झालं. कारण लहानच होतं, बैल मी उशिरा सोडले. पण बाप चारचौघांत बोलला, "तुह्या पणज्यानं मुलूख पालथा घातला अन् तू बोरीचा बाजार ओलांडला नाही." मी तिथल्या तिथे म्हणालो, हैदराबाद पाहूनच येतो. हैदराबादच का, तर आमच्याकडच्या म्हाताऱ्यांच्या तोंडून ऐकलेलं सगळ्यात लांबचं मोठं शहर ते. दुसऱ्या दिवशी निघालो. यवतमाळपर्यंत पायी, तिथून कापसाच्या ट्रकवर पांढरकवडा, पैनगंगेवरून आदिलाबाद. इथपर्यंत मजा वाटली. ट्रकवर रुईच्या गाठींवर आडवा पडून आभाळ बघत गेलो. नदी आली तेव्हा ड्रायव्हरने खाली उतरून हातपाय धुवू दिले. आदिलाबादला छोट्या रेल्वेत बसलो. तिथे लोकांनी सांगितलं की पुढे मोठ्या स्टेशनावर गाडी बदलायची, पाटी वाचून बसायचं.

त्या मोठ्या स्टेशनावर मी दुपारी उतरलो. तीन गाड्या उभ्या होत्या. पाट्यांवर एकही अक्षर माझ्या ओळखीचं नव्हतं. आपली अक्षरं कुठेतरी असतीलही, पण तिसरीतून सुटलेल्याला ती घाईत कुठे लागणार. विचारलं असतं तर कोणीही बोट दाखवलं असतं. हमाल होते, चहावाला होता, बायका-पोरं होती. मी विचारलं नाही. मला वाचता येत नाही हे अनोळखी माणसाला कळेल याची मला लाज वाटली. दुसरं काही कारण नाही, पन्नास वर्षांत मला दुसरं सापडलं नाही. एक गाडी गेली, दुसरी गेली. त्यातली एक हैदराबादची असणार. चहावाल्याने दोनदा येऊन विचारलं, कहाँ जाना है बेटा? मी म्हणालो, कहीं नहीं, कोई आनेवाला है. आयुष्यातलं हे माझं पहिलं मोठं खोटं, आणि ते मी एका भल्या माणसाला सांगितलं. दिवस कलला तेव्हा जी छोटी गाडी मला घेऊन आली होती तीच परत निघाली. तिच्या डब्याच्या दाराला तारेने बांधलेली कडी होती, म्हणून मी ती ओळखली आणि चढलो.

आदिलाबादला एका जिनिंगमध्ये आठ महिने गाठी उचलल्या. घरी कोणत्या तोंडाने येणार? जिनिंगच्या मागे पत्र्याच्या शेडमध्ये झोपायचो. शेजारी इस्माईल चाचा नावाचा हमाल होता, हैदराबादचा, घर सुटलेला. संध्याकाळी भात शिजवताना तो त्याच्या शहराचं बोलायचा. चारमिनार, चहा, बांगड्यांची दुकानं. त्याच्या लहानपणी शहराबाहेरच्या तांड्यातून एक गेमा नायक दूध घालायला यायचा, त्याचंही बोलायचा. चिंचेची झाडं त्याचीच. मी ऐकत राहिलो. आठ महिन्यांनी घरी आलो तेव्हा बापाने विचारलं, पाहिलं का? मी हो म्हणालो, आणि इस्माईल चाचाचं शहर माझं म्हणून सांगायला लागलो. गेमा नायकाला मी आयुष्यात पाहिलेलं नाही.

आज हे लिहितो आहे तेव्हाही मी हैदराबाद पाहिलेलं नाही. अंजली बोलावते. पाहू. गुडघे बरे असले तर. तिच्याशी फोनवर बोलताना मागून गाड्यांचे आवाज येतात, तेवढं हैदराबाद मी ऐकलं आहे.

सांगून झालं तेव्हा शेजारचा ट्रॅक्टर सुरू झाला होता आणि एकसारखा चालत होता. रामधन उठून उभा राहिला. त्याचा आवाज चढत नाही, तो माझ्यावर गेलेला नाही, आईवर गेला आहे. "बा, मले तुम्ही हीच वाट देल्ली होती," तो म्हणाला. "मी गूळ खाल्ला होता." मी म्हणालो, हाव. "अन् आता पोरीले मी त्याच्याच भरवशावर घेऊन चाललो होतो." मी म्हणालो, हाव. त्याला आणखी काही बोलायचं होतं, पण तो अंगणाच्या टोकापर्यंत गेला आणि तिथेच पाठ करून उभा राहिला. मी बोलावलं नाही. त्याला उभं राहायचा हक्क होता.

बापूरावाला शांतता सोसत नाही. "फुलसिंग," तो म्हणाला, "तू सांगे ना, चारमिनारवरून बकरी पडली, अन् खाली पानवाल्याच्या छपरावर उतरली. थे मी माह्या सासरवाडीत बी सांगतलं हाय. थे बी खोटं?"

"थे खरं असन. चाचानं पाह्यली होती. मी नाही पाह्यली."

"चाल, बकरी तरी वाचली."

मला धनीची भीती होती. लग्न होऊन आली तेव्हा मी परतून महिनाही झाला नव्हता, आणि हैदराबाद पाहिलेला नवरा म्हणून तिच्या माहेरी माझा मान होता. ती ताटली पुसत बसली होती. वर न पाहता म्हणाली, "मले ठाऊक होतं."

"कसं काय ठाऊक?"

"तुमच्या कानात रुई होती. पहिल्याच आठवड्यात मी डोक्याले तेल लावलं तं दोन्ही कानातून रुई निघाली. अंगाले सरकीचा वास. हैदराबादले का लोक कापसात निजतेत?"

"मंग पन्नास वर्षं काहून नाही बोललीस?"

"तुम्ही सांगत होते थे ऐकायले बरं लागे. अन् बोलली असती तं तुम्ही उठून बैलाकडं गेले असते." सुनंदाने तोंडाला पदर लावला. मीही हसलो असतो, पण खडा अजून हातात होता आणि घामाने ओला व्हायला लागला होता.

अंजली अजून माझ्या समोरच होती. ती रडत नव्हती, रागावलेलीही दिसत नव्हती. ती विचार करताना भुवया जवळ घेते, तशी बसली होती. "दादा," ती म्हणाली, "मंग तुमची वाट कोणती?"

"कोणती म्हंजे?"

"चाललेली. हैदराबाद तं तुमचं नाही. तुमची द्या ना."

मी म्हणालो, आताच सांगितली की. ती म्हणाली, तशी नाही, रीतीने सांगा. म्हणून मी रीतीने सांगितलं. कुठून निघालो, तर बापाच्या अंगणातून. पाणी कुठे मिळालं, तर पैनगंगेवर, ड्रायव्हरने थांबू दिलं म्हणून. माणसं कशी भेटली, तर चांगली भेटली, दोनदा विचारायला आली. फसलो कुठे, तर त्या स्टेशनावर, आणि मला कोणी फसवलं नाही, माझ्या तोंडाने मीच फसलो. एवढं सांगायला मला फार वेळ लागला. पन्नास वर्षं घडवलेल्या गोष्टीपेक्षा ही किती आखूड होती, दोन मिनिटांची. मी खडा तिच्या हातावर ठेवला. ओला झाला होता, मातीही लागली होती. तिने फुंकर मारली नाही, पुसला नाही, तोंडात टाकला आणि गालात धरून म्हणाली, "उद्या सकाळी हॉस्टेलचं बदलून टाकू."

अंगणाच्या टोकाला रामधन वळला. "जागा उरली असन का?" त्याने विचारलं, मला नाही, तिला. ती म्हणाली, "गेल्याशिवाय कसं कळन." त्याने खिशातून मोटारसायकलची किल्ली काढली आणि उद्यासाठी तिच्याकडे फेकली. मग माझ्याकडे न पाहताच माझी खाट उचलून सावलीतून घराच्या दारात आणून ठेवली, रोज संध्याकाळी ठेवतो तशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी बैल सोडायचं काम मी रामधनवर टाकलं आणि अंजलीच्या मागे मोटारसायकलवर बसून बोरीला गेलो. तिने सांगितलं होतं की तुमची गरज नाही, मी एकटी जाते. मी म्हणालो, गरज आहे का नाही ते मी ठरवीन. सेतू केंद्र नुकतंच उघडलं होतं. कॉम्प्युटरवर बसणाऱ्या बाईंनी आधी झाडू मारला, मग अगरबत्ती लावली, मग मशीन सुरू केलं. अंजलीने आकडे सांगितले, अर्ज उघडला. हॉस्टेलसमोरचं 'नाही' काढून 'हो' केलं, तर खाली आणखी चार ओळी नव्या उघडल्या. बाई एकेक वाचून विचारत होत्या. वडिलांचं नाव, फोन, आजार काही आहे का. मग त्या म्हणाल्या, "हैदराबाद शहरात जबाबदारी घेणारं नातेवाईक किंवा ओळखीचं कोणी आहे का?" अंजली माझ्याकडे वळली.

"कोणी नाही," मी म्हणालो.

"मग हा रकाना रिकामा सोडते."

"रिकामा नोको सोडू बाई," मी म्हणालो. "लिही. कोणी नाही."